रोपं आणण्याआधी सुट्टीतलं पाणी ठरवा

मी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचं पटांगण हिरवं करायला निघालेले शिक्षक आणि पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती झाडं लावू?" मी उलट विचारते, "मोठ्या सुट्टीत पाणी कोण घालणार?"

हा प्रश्न मला स्वतःला फार उशिरा सुचला. पहिल्या वर्षी आम्ही एकाच दिवशी चाळीस रोपं लावली आणि प्रत्येकाशेजारी एकेका मुलाच्या नावाची पाटी रोवली. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा सहा रोपं जिवंत होती. बाकीची मुलं आपापल्या पाटीपाशी वाळलेल्या काटकीकडे बघत उभी होती. त्यांना काय सांगावं ते मला कळेना.

म्हणून पहिलं काम कागदाचं. वर्षाचे सगळे आठवडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर पाणी घालणाऱ्यांची दोन नावं भरा. दोन अशासाठी, की एक जण आजारी पडतो किंवा गावाला जातो. सुट्टीच्या आठवड्यांसाठी शाळेजवळ राहणारी कुटुंबं शोधा, फाटकाची किल्ली कोणाकडे राहील तेही लिहून ठेवा. नव्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं नेमाने पाणी लागतं. जितकी नावं मिळतील तितकीच झाडं. दुसऱ्या वर्षी आम्ही नऊच लावली आणि नऊही जगली.

दुसरं काम, शाळेच्या सफाई कामगारांशी बोलणं. हे मुख्याध्यापकांच्या परवानगीइतकंच महत्त्वाचं मानते मी. झाड म्हणजे पालापाचोळा, माती म्हणजे वर्गात येणारी चिखलाची पावलं, आणि हे सगळं ज्यांना झाडावं लागणार त्यांना आपण शेवटी सांगतो. आमच्याकडच्या मावशींना मी नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी लगेच दोन गोष्टी सुचवल्या: वर्गांच्या दाराशी पाय पुसायला जाड काथ्याची पायपुसणी, आणि पाचोळा टाकायला जाळीचा पिंजरा पटांगणातच. पिंजऱ्यातल्या त्या पाचोळ्याचं आज खत होतं.

मग निदान महिनाभर जमीन नुसती बघा. ऊन असलेल्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता मुलांना तीन रंगांचे खडू देऊन सावल्यांच्या कडा आखायला सांगा. सावली कुठे हवी ते त्या रेघांवरून समजतं. लांबूनच पृष्ठभागाचं तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर डांबर, फरशी, उघडी माती, गवत आणि झाडाखालची जागा एकाच वेळी मोजा आणि आकडे वहीत तारखेनिशी ठेवा. ही वही पुढे फार कामाला येते. मधल्या सुट्टीत मुलं कुठे पळतात, कुठे घोळका करून बसतात, कोण भिंतीला टेकून एकटं उभं राहतं, तेही टिपा. चेंडू खेळायची जागा घेऊ नका. ती घेतली की खेळणारी मुलं झाडांकडे शत्रू म्हणून बघू लागतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

पाण्याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 500 चौरस मीटरच्या छतावर 20 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी खाली येतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे गणित तीनदा तपासलं, कारण तिला उत्तर खरं वाटेना. हे पाणी गटारात जातं की जमिनीत मुरतं, ते बघायला एक फूट खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खणा, पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंटीमीटरहून कमी उतरली तर तिथे पाणी तुंबेल. चांगलं मुरत असेल तर छताचं पाणी वळवून तिथे उथळ खोलगट बाग करता येते, इमारतीच्या पायापासून निदान तीन मीटर लांब. पाणी दोन दिवसांत जिरलंच पाहिजे. साचून राहिलं की डास होतात आणि पालकांचा विश्वास उडतो.

डांबर किंवा काँक्रीट फोडायचं असेल तर आधी खालच्या नळांचा आणि केबलींचा नकाशा मिळवा. सगळं पटांगण एकदम फोडू नका, सर्वांत तापणारा एक कोपरा घ्या. खालची माती वर्षानुवर्षं दाबली जाऊन दगडासारखी झालेली असते. ती खोलवर भुसभुशीत करून त्यात खत मिसळल्याशिवाय लावलेलं झाड खुरटतं. जुन्या इमारतीलगत रंगाचे पोपडे पडत आले असतील तर मातीत शिसं असू शकतं. भाजी लावण्याआधी माती तपासून घ्या, नाहीतर उंच वाफे करून त्यात बाहेरची स्वच्छ माती भरा.

लावणीचं फारसं गूढ नाही. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद. खोड जिथे मुळांकडे फाकतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. वर पसरायचं वाळक्या पाल्याचं आच्छादन सात-आठ सेंटीमीटर जाड, पण बुंध्याला न चिकटवता. तुमच्या भागात मूळची असलेली झाडं निवडा. कण्हेर नको, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. झुडपं मुलांच्या कमरेएवढी आणि मोठ्या झाडांच्या फांद्या डोक्यावर ठेवल्या तर शिक्षकाला सगळीकडे नजर ठेवता येते.

झाडांइतकीच मोकळ्या वस्तूंची गरज असते: ओंडके, गोटे, फळ्या, वाळू. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं, की ज्या गोष्टी हलवता, रचता, मोडता येतात त्यांच्यातून मुलांची कल्पकता फुलते. आमच्या भिंतीला टेकून उभा राहणारा मुलगा आता रोज ओंडक्यांचा पूल बांधतो, आणि त्याला मदतनीस लागतात.

"मुलं घाण होतील" म्हणणाऱ्या पालकांवर रागावू नका. मी त्यांना फिनलंडमधल्या प्रयोगाबद्दल सांगते. तिथे काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून अंथरली. 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या नियंत्रणाशी जोडलेले चांगले बदल दिसले. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यास लहानसा होता, हेही मी सांगते.

बागेच्या जोडीने शाळेत वर्षभराचा पर्यावरण उपक्रम चालवायचा असेल तर त्याची सुरुवात कचऱ्याच्या वजनाने करा. एका दिवसाचा कचरा ओला, कागद, प्लास्टिक असा वेगळा करून मुलांनीच तोलावा, महिन्याने पुन्हा तोलावा. घोषवाक्यांच्या फलकापेक्षा तराजू कितीतरी जास्त शिकवतो. 1994 मध्ये सुरू झालेल्या 'इको-स्कूल्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची पद्धत मला पटते: आधी मुलांची समिती, मग पाहणी, मग आराखडा. समितीत दरवर्षी खालच्या वर्गातली मुलं घ्या, म्हणजे मोठी मुलं शाळा सोडून गेली तरी काम थांबत नाही. आणि सगळी सूत्रं एकाच उत्साही शिक्षकाच्या हाती राहू देऊ नका. त्या शिक्षकाची बदली झाली की बाग वाळते.

एका शाळेवरून परिसरातल्या सगळ्या शाळांकडे जायचं असेल तर शिक्षण विभागाकडे एकट्याने जाऊ नका. आपल्या बागेचा फायदा आणखी कोणाला होतो ते शोधा. शिकागोत शाळांच्या पटांगणांसाठी शहराच्या जलविभागानेही पैसा घातला, कारण मोकळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि पुराचा धोका कमी होतो. पॅरिसने 2018 पासून डांबरी पटांगणं हिरवी करायला घेतली ती उष्णतेच्या लाटांच्या काळजीने, आणि त्यांतली काही सुट्टीच्या दिवशी आसपासच्या रहिवाशांनाही उघडी असतात. आरोग्य, पाणी, उद्यानं, जो विभाग ऐकेल त्याच्याकडे जा. मागणीत दोन गोष्टी लेखी हव्यातच: देखभालीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, आणि सुरुवात सर्वांत तापणाऱ्या शाळेपासून व्हावी, जिथल्या मुलांच्या घराभोवतीही झाड नसतं.

अधिकाऱ्यांना वृक्षारोपणाच्या समारंभाला बोलावू नका. तीन वर्षांनी, भर उन्हात बोलवा. मुलांच्या हातात थर्मामीटर आणि ती जुनी वही द्या, आणि पटांगण त्यांनाच दाखवू द्या.