कॉलेजचा फुटबॉल संघ बांधताना : कोण आणायचा, काय शिकवायचं

जून उजाडला की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या जिमखान्यात एकच वाद रंगतो. तालमीतली (इथं तालमी म्हणजे पेठापेठांतले फुटबॉल संघ) तयार पोरं प्रवेशाला ओढून आणायची, की आलेल्या पोरांवर मेहनत घेऊन त्यांना घडवायचं? मी पेठेत खेळतच मोठा झालो आणि आता कॉलेजच्या पोरांना शिकवतो. माझं मत पक्कं आहे. सहा आठवड्यांत जे शिकवता येत नाही ते प्रवेशाच्या वेळीच आणा. जे शिकवता येतं त्यासाठी कुणाच्या दारात खेटे घालू नका.

सहा आठवडे का, तर कॉलेजच्या वाट्याला सलग सराव साधारण तेवढाच येतो. पावसाळ्यात मैदानावर घोट्याएवढा चिखल, मग प्रॅक्टिकल, परीक्षा, आणि त्यातच विद्यापीठाच्या झोनलची, म्हणजे विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची, तारीख. एकदा केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पोरगं आधी तालमीचं, मग तुमचं. याबद्दल कुरकुरण्यात अर्थ नाही. इथला फुटबॉल तालमींनी जगवलाय, त्यांचा हक्क पहिला.

आणायचं काय

चेंडूवरचा पाय. दहा-बारा वर्षांच्या वयात बसलेला पहिला टच, म्हणजे आलेला चेंडू पायात घ्यायची सफाई, अठराव्या वर्षी फारसा बदलत नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याआधी तो कोवळ्या वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. तिथला रोजचा सराव त्याच्या पायात मुरला होता. कॉलेजात पोरगं येतं ते मिसरूड फुटल्यावर आणि राहतं तीन वर्षं, फार तर चार. तेवढ्यात पाय नव्यानं घडत नाही. वेगाचंही तसंच. दम वाढवता येतो, पहिल्या दहा पावलांतली झेप फार वाढत नाही.

पण माझी सगळ्यात जास्त पायपीट होते ती गोलकीपर आणि डाव्या पायानं खेळणारा बॅक (बचावपटू) यांच्यासाठी. फॉरवर्ड या गावात मागाल तितके मिळतील, कारण प्रत्येक गल्लीतल्या पोराला गोल करायचाय. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नसतं. त्यामुळे प्रवेशाला दहा फुटबॉलपटू आले आणि त्यातले सात स्ट्रायकर असले, तर खूश होऊ नका. एका चांगल्या कीपरसाठी दोन नावाजलेले फॉरवर्ड सोडावे लागले तरी सोडा.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा वेगळाच खेळ. पण आणायचं की घडवायचं हा वाद तिथं आपल्याहून जुना आहे आणि त्यात पैसाही प्रचंड आहे. शाळकरी खेळाडूंना तिथं गुणवत्तेनुसार पाचपर्यंत तारे देतात. कोच निक सेबन यांनी अलाबामा विद्यापीठाला २००९ ते २०२० या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, आणि त्या काळात ताऱ्यांच्या हिशेबात त्यांची भरतीही बहुतेक वर्षी देशात अव्वल किंवा त्याच्या आसपास असायची. याच्या उलट बोलणारे लोक इंडियाना विद्यापीठाच्या कर्ट सिग्नेटी यांचं नाव घेतात. २०२३ मध्ये त्या संघानं १२ पैकी फक्त ३ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी सिग्नेटी आले आणि १३ पैकी ११ जिंकले. कोच बदलला आणि संघ पालटला, असं यावरून सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सिग्नेटी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना तिथले डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले. त्यांना काय हवंय हे त्या पोरांना आधीच ठाऊक होतं, आणि नव्यांना समजावायला मैदानातच माणसं तयार होती.

हे आपल्याकडे बिनखर्चात जमतं. एकाच शाळेचा कीपर आणि स्टॉपर (मधला बचावपटू), किंवा एकाच तालमीच्या ज्युनियर संघातले दोन हाफ (मधल्या फळीतले खेळाडू) असे जोडीनं आणा. एकमेकांच्या आवाजावर हलणारी दोन पोरं मधे असली की तुमचे निम्मे आठवडे वाचतात.

बघायचं कसं

पेपरात ज्याचं नाव आलं त्याच्यामागे सगळी कॉलेजं असतात. तुम्ही शालेय स्पर्धांना जा, सुब्रोतो चषकाच्या फेऱ्या बघा, संध्याकाळी गांधी मैदानाच्या कडेला उभे राहा. गडहिंग्लज आणि मिरजेला मुद्दाम जा. तिथं फुटबॉल मुरलेला आहे, आणि वसतिगृहाची सोय नीट सांगितली तर घरचे पोरगं पाठवायला तयार होतात.

एक खेळाडू निवडा आणि चेंडू कुठंही असो, दहा मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवा. चेंडू गेल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे पळतो? पास यायच्या आधी मान वळवून मागे बघतो का? सहकाऱ्यानं चूक केली तर शिवी देतो की जागा भरतो? मागे एका शालेय सामन्यात एक किडकिडीत राइट बॅक दिसला. चेंडू पलीकडच्या कॉर्नरला असतानाही दर थोड्या वेळानं त्याची मान वळायची, पाठीमागचा विंग कुठं आहे ते बघून तो दोन पावलं आत यायचा, पुन्हा बाहेर जायचा. हाफटाइमपर्यंत त्याच्या बाजूनं एकही क्रॉस आला नाही, म्हणून प्रेक्षकांत त्याचं नावही कुणी घेतलं नाही. मी तेवढ्यातच त्याच्या सरांना गाठलं.

कीपर बघताना चेंडू समोरच्या गोलपाशी असेल तेव्हा बघा. चांगला कीपर तेव्हा पेनल्टी एरियाच्या टोकाशी आलेला असतो आणि ओरडून बॅक लावत असतो. पोस्टला टेकून उभा असेल तर पुढच्या मैदानावर चला.

मग घरी जा. फोनवर हे काम होत नाही. आई एकच प्रश्न विचारते, ‘खेळून पुढं काय?’ खरं तेच सांगा. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतल्या कामगिरीवरच मिळतं, आणि त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावं लागतं. पैशाचं आमिष दाखवू नका. बूट, एसटीचा पास, सरावानंतर अंडी-केळी आणि चुकलेल्या तासांच्या नोट्स, एवढं देता येत असेल तर तेवढंच कबूल करा आणि पहिल्या महिन्यापासून द्या.

तालमीतल्या वडीलधाऱ्यांनाही भेटा. ते म्हणतात, ‘सर, पोरगं तुमच्याकडं घालतो, पण आमच्या मॅचला अडवायचं न्हाई.’ कबूल करा, आणि बदल्यात झोनलचे दिवस मागून घ्या. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. कॉलेजनं पोराला जपलं तर तालमीचाही फायदाच असतो.

शिकवायचं काय

सहा आठवड्यांत ड्रिबलिंग शिकवत बसू नका. चार बॅकची ओळ शिकवा. वीस-पंचवीस मीटरची नायलॉनची दोरी घ्या, चौघांच्या हातात समान अंतरावर द्या आणि स्वतः चेंडू घेऊन डावी-उजवीकडे सरका. दोरी सैल पडली तर कुणीतरी जवळ आलाय, ताणली तर कुणीतरी मागे राहिलाय. सुरुवातीला पोरं वैतागतात. तीन-चार दिवसांत दोरी काढून घेतली तरी अंतर तसंच राहतं, आणि मधून जाणारे पास बंद होतात. माझ्या मते कॉलेजच्या पातळीवर सगळ्यात जास्त सामने याच एका गोष्टीवर जिंकले जातात.

त्यानंतर कॉर्नर आणि फ्री किक. दोन ठरलेल्या चाली पुरेत, पण रोज करून घ्या. चेंडू गेल्या-गेल्या जवळच्या दोघांनी पाच सेकंद तुटून पडायचं, मग मागे यायचं, हा नियम सरावाच्या प्रत्येक छोट्या सामन्यात पाळा. बाद फेरीत गाठ टायब्रेकरशी पडते, म्हणून पेनल्टी सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना मारून घ्या. ताज्या पायानं सगळेच गोल करतात. वार्म-अपला फिफाचा ‘११+’ हा वीस मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा करा. आपल्या कडक मैदानांवर गुडघे सांभाळायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पेठ मैदानाबाहेर

एका अकरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा सगळ्या स्थानिक संघांतली पोरं येतात. मागच्याच हंगामात एकमेकांना आडवी गेलेली असतात, घरी-दारी त्याच गप्पा ऐकत वाढलेली असतात. पास द्यायची वेळ आली की नजर नकळत आपल्या तालमीच्या पोराकडे जाते. भाषणानं हे जात नाही. माझा साधा शिरस्ता आहे. पहिल्या दिवसापासून पासिंगच्या जोड्या मी लावतो, त्याही वैरी तालमींच्या. दिलबहारचा स्टॉपर असेल तर शेजारी पाटाकडीलचा हाफ. तालमीची जर्सी सरावाला चालत नाही. परगावच्या सामन्याला गाडीत बसताना आणि जेवताना जोडी तीच. कप्तान मात्र पोरांना निवडू द्या. चिठ्ठीवर बहुतेक वेळा अशा पोराचं नाव येतं ज्याला दोन्ही बाजू मानतात, आणि तो गडहिंग्लजचा निघाला तर फारच चांगलं.

झोनलचं वेळापत्रक हातात पडलं की त्याच संध्याकाळी ते कागदावर उतरवून प्रत्येक तालमीच्या कप्तानाला स्वतः नेऊन द्या. आदल्या दिवशी तालमीचा सामना खेळलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी फार तर एक हाफ खेळवा, आणि त्याच्या जागी कोण उतरणार हे नाव त्याच कागदावर आधीच लिहून ठेवा.