थरथरणाऱ्या कूलरचा पंखा घरीच कसा तोलावा

कूलर थरथरू लागला की नागपुरात पहिला सल्ला मिळतो, "स्टँडखाली रबर टाका." दुसरा, "मोटर गेली, बदला." दोन्ही आधी बाजूला ठेवा. बहुतेकदा दोष पंख्याच्या वजनात असतो.

पंखा 18 इंची, मोटर 1400 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 1400 फेऱ्यांची धरा. एका पात्यावर, मध्यापासून 20 सेंटीमीटरवर, 10 ग्रॅम क्षार जास्त बसला, तर तो मोटरचा दांडा जवळपास साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला 23 वेळा गरगर फिरते. वेग निम्मा केला की ओढ पाव होते, म्हणून 'लो'वर कूलर गरीब वाटतो. रबराने आवाज दबेल, पण बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजतच राहील.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागल्यावर मिस्त्री फोन उचलत नाही, तेव्हा हे मार्चमध्येच उरका. प्लग उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, गाठ पाण्याशी आहे. मागची ताटी काढून पाती पुसा. पांढरा थर व्हिनेगरने निघतो. पात्याच्या टोकाजवळ फ्रेमला काडी बांधून पंखा हाताने फिरवा. एखादं पातं काडीपासून लांब जात असेल तर वाकवून सारखं करा.

थरथर तरीही राहिली, तर खरी मेख पुढे आहे. बरेच जण पंखा मोटरवरच फिरवतात आणि खाली थांबेल ते पातं जड धरतात. साफ चूक! बुशचं घर्षण पाच-दहा ग्रॅमचा फरक सहज गिळतं. पंखा उतरवावाच लागतो. पंखा दांड्याला धरणारा स्क्रू गंजला असेल तर तेल सोडून रात्रभर थांबा, पण हातोडी मारू नका. दांडा वाकला तर मोटर खरोखरच गेली.

हबच्या, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागाच्या, भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घाला. सैल सळई स्क्रूने एका बाजूला ढकलली जाते आणि सगळा तोल खोटा येतो. मला या एका गोष्टीने फार छळलं आहे. सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर स्टीलच्या पट्ट्या कडेवर उभ्या करा, त्यांवर सळई ठेवा आणि पंखा सोडा. पाव फेरी फिरवून पुन्हा सोडा. दर वेळी तेच पातं खाली आलं तर ते जड.

आता समोरच्या बाजूला मुलांची खेळायची माती चिकटवा. तीन पात्यांच्या पंख्यात जड पात्याच्या बरोबर समोर पातं नसतं, म्हणून माती उरलेल्या दोघांवर सारखी वाटा, शक्य तितकी टोकाकडे. टोकाला कमी वजनात काम होतं. पंखा सोडाल तिथे थांबला की तोल जमला.

माती काढून काट्यावर तोला, आणि तेवढंच एमसील (कालवून लावायची, वाळून कडक होणारी लुगदी) त्याच जागी, घासून खरबरीत केलेल्या पात्यावर मागून दाबा. चिकटपट्टी अजिबात नको. पात्याचं टोक ताशी सुमारे 120 किलोमीटरने धावतं, शिवाय आत सदा ओल. रात्रभर वाळू द्या.

जाळी लावूनच चालू करा, तेही 'हाय'वर. अजून थरथरत असेल तर प्लग काढून दांडा वरखाली हलवून बघा. खडखडला तर बुश बदला, मोटर नव्हे.