कोकणातल्या ज्यू थडग्यावरचं साल कसं वाचायचं

शनिवारी जाऊ नका. शनवार तेल्यांचा, म्हणजे पूर्वी तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या इथल्या बेने इस्राएल ज्यूंचा, तो विसाव्याचा वार. अलिबागकडच्या बेने इस्राएल कबरस्तानात मी सकाळी आठलाच पोचते. ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. झाडाची सावली आलीच तर हातआरशाने बाजूने कवडसा पाडा. खडू फासू नका. मी एकदा फासला होता, अजून लाज वाटते.

मराठी ओळीत पेणकर, रोहेकर अशी गावावरची आडनावं भेटतात. हिब्रू मात्र उजवीकडून वाचायचं. साल हिब्रू अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला आकडा ठरलेला. उदाहरणार्थ ताव ४००, रेश २००, सामेख ६० आणि ‘हे’ नावाचं अक्षर ५. बेरीज ६६५, म्हणजे ज्यू कालगणनेचं ५६६५; वरचे पाच हजार सहसा लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळवा, १९०५ आलं. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, म्हणून तिथून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वजा.

निघताना दगडावर एक खडा ठेवा, फुलं नकोत.