वाणिज्याच्या पदवीवरून रोबॉटिक्सकडे वळताना

वाणिज्य, कला किंवा प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाने रोबॉटिक्समध्ये जाण्याचे ठरवले, की घरातून पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आता पुन्हा इंजिनिअरिंग करणार का?" त्याचे उत्तर आपण कोणते काम करू इच्छितो यावर अवलंबून असते. रोबॉटच्या हालचालींचे गणित रचणे किंवा संशोधन करणे हे ध्येय असेल, तर औपचारिक शिक्षण टाळता येत नाही. एम.टेक.सारख्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेला कला आणि वाणिज्य शाखांचे पदवीधरही बसू शकतात, पण एम.टेक. प्रवेशाच्या अटी वेगळ्या असल्यामुळे हव्या असलेल्या संस्थेची अट आधी वाचावी आणि मगच अर्ज भरावा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल, तर आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये सुरू केलेला इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा बी.एस. अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. त्यातील प्रयोगशाळेच्या कामासाठी चेन्नईला जावे लागते, हे रजेच्या हिशेबात धरावे.

यंत्र बसवणे, चालवून पाहणे, बिघाड शोधणे आणि त्याची नोंद ठेवणे या कामांसाठी मात्र आधीची पदवी ओझे ठरत नाही. औषध कारखान्यांत यंत्रातील प्रत्येक बदल लेखी नोंदवून तपासावा लागतो, आणि गोव्यात वेर्ण्याला असे कारखाने आहेत. हिशेबाच्या वह्यांची सवय असलेल्याला हे काम कंटाळवाणे वाटत नाही. प्राणिशास्त्राच्या पदवीधराने दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तयार झालेल्या 'माया' या पाण्याखालील स्वयंचलित वाहनाविषयी जरूर वाचावे. अशा वाहनाने आणलेल्या मोजमापांचा अर्थ लावणारा माणूसही रोबॉटिक्सच्याच कामात असतो.

अभ्यासाची सुरुवात त्रिकोणमिती, सदिश, मॅट्रिक्स आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेपासून करावी. सी++ ही दुसरी भाषा नंतर शिकली तरी चालते. पुढे रॉस २, म्हणजे रोबॉटचे प्रोग्राम लिहिण्यासाठीचा सॉफ्टवेअर-संच, शिकताना आवृत्त्यांची जोडी सांभाळावी: त्याची जॅझी ही आवृत्ती उबुंटू या संगणक-प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीसाठी आहे. जालावरील अनेक जुने धडे रॉस १ चे आहेत आणि त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, म्हणून धड्याची तारीख पाहिल्याशिवाय त्यातली एकही आज्ञा टंकू नये.

संगणकावरच्या आभासी रोबॉटवर फार काळ रेंगाळू नये, कारण तिथे वायर सुटत नाही आणि बॅटरी उतरत नाही. दोन चाकांची साधी गाडी स्वतः जुळवावी. माझी पहिली गाडी जागच्या जागी थरथरत असे आणि चवथीची सगळी सुट्टी मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहिण्यात घालवली. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट) उतरवल्यावर एका शेजाऱ्याने व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला, तेव्हा दोष सापडला: प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डाला एक बॅटरी, मोटरला वीज पुरवणाऱ्या मोटर-ड्रायव्हरला दुसरी, आणि दोघांचे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची वायर, एकमेकांना जोडलेलेच नव्हते. बोर्डाने पाठवलेले पाच व्होल्ट नेमके कशाच्या तुलनेत मोजायचे, हे ड्रायव्हरला कळणार तरी कसे? त्याच गाडीने आणखी एक गोष्ट शिकवली. एल२९८एन हा स्वस्त ड्रायव्हर सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो, त्यामुळे ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरपर्यंत साडेपाचच्या आसपासच पोहोचतात आणि चाके सुस्त वाटतात. पावसाळ्यात जोडण्यांवर हिरवट थर चढतो, हा धडा तर किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला कोणी वेगळा द्यावा लागत नाही.

असा प्रत्येक दोष एका वहीत लिहावा: काय दिसले, काय संशय आला, काय मोजले, प्रत्यक्षात काय निघाले. मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा ही वही अधिक बोलते, असा माझा अनुभव आहे, कारण समोरचा अभियंता त्याच चुका करून तिथवर आलेला असतो. शक्य असल्यास गाडीही सोबत न्यावी. मात्र फोंड्याहून वेर्ण्यापर्यंतच्या बस प्रवासात मोटरच्या वायरी सैल होतात, म्हणून बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि बारीक पेचकस खिशात असू द्यावा.