हायड्रोपोनिक्समधे व्हर्मीवॉश टाकताय? आधी गाळा, मग मोजा

हायड्रोपोनिक्समधे, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेल्या पालक, लेट्यूससारख्या पालेभाज्यांना व्हर्मीवॉश (गांडूळखतातून निथळलेलं पाणी) चालतं, पण नेहमीचं न्यूट्रियंट सोल्युशन (खतं विरघळवलेलं पाणी) पूर्ण बंद करून फक्त त्याच्यावर राहू नका, कारण त्यातलं बरंचसं नायट्रोजन सेंद्रिय किंवा अमोनियम रूपात असू शकतं आणि मातीत त्याचं नायट्रेट (झाडांना सहज घेता येणारं रूप) करणारे जीवाणू भरपूर असतात, नवीन टाकीत ते जवळपास नसतातच. म्हणून जोडीला म्हणून थोडंसंच टाकायचं. टाकायच्या आधी दोन-तीन पदरी सुती कापडातून गाळाच, नाहीतर बारीक गाळ ड्रिपरमधे जाऊन बसतो. मिसळल्यावर ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) आणि पीएच (आम्लता) दोन्ही बघा, पीएच ५.५ ते ६.५ मधे आणा. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू पाहिजे, यात अजिबात तडजोड नको, कारण सेंद्रिय पदार्थ कुजवताना जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि मुळं गुदमरतात. मुळं हाताला बुळबुळीत लागली, तपकिरी दिसली किंवा पाण्याला सडका वास आला की टाकी रिकामी करून धुवूनच घ्या. आणि हो, कच्ची खायची पानं असतील तर त्यांच्यावर फवारू नका, गांडूळखतातून निथळलेल्या या पाण्यात रोगजंतू असू शकतात.