कंपोझिट प्लेटचं कंपन मोजताय? आधी पकड तपासा

सांगली, इस्लामपूर किंवा कराडला एम.टेक.साठी ग्लास-इपॉक्सी (काचेचं कापड आणि इपॉक्सी रेझिन यांच्या) प्लेटचं कंपन हा विषय घेतला असेल, तर एक मोह टाळा. चाचणीचा आकडा अ‍ॅन्सिस या संगणकी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरशी जुळला नाही म्हणून मटेरियलचा ई (ताठरपणाचा गुणांक) बदलत बसू नका. गडबड बहुधा पकडीत, जाडीत नाहीतर सेन्सरच्या वजनात असते.

४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) विणलेल्या काचेच्या कापडाचे आठ थर हाताने बसवले की जाडी साधारण ३ मिमी भरते. एलवाय ५५६ रेझिनला एचवाय ९५१ हार्डनर वजनाने १०:१, तोही काट्यावर तोलून. एकदम मोठा डबा कालवलात तर मिश्रण आपल्याच उष्णतेने तापतं आणि रोलर फिरायच्या आत आवळतं. पावसाळ्यात कापड आधी ओव्हनमध्ये वाळवा. प्लेट निघाली की नाण्याने ठोकून बघा. जिथे बद्द आवाज, तिथे थर सुटलेले. जाडी मायक्रोमीटरने निदान नऊ ठिकाणी घ्या. वारंवारता जाडीच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २.८ मिमीची प्लेट ३ मिमी धरली की सात टक्के तिथेच गेले.

एक कड पकडून २५० मिमी मोकळी सोडली, ई १८ जीपीए आणि घनता १८०० किलो प्रति घनमीटर धरली, तर पहिली वारंवारता २४-२५ हर्ट्झ येते. पकडीसाठी २० मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील) पट्ट्या मिलिंग करून घ्या, कुपवाड एमआयडीसीत हे काम होतं. पातळ पट्टी बोल्टच्या मधोमध फुगते, मोकळी लांबी नकळत वाढते. ५ मिमी वाढली तरी वारंवारतेत चार टक्के घट. चौरस प्लेटच्या टोकाला १० ग्रॅमचा अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन टिपणारा सेन्सर) लावलात तर आणखी पाचेक टक्के. तो मॉडेलमध्ये वस्तुमान म्हणून घाला, नाहीतर हलका वापरा.

सेन्सर मधल्या रेषेवर मात्र लावू नका. पिळाच्या मोडची (प्लेट पिळली जाते त्या कंपन-प्रकाराची) स्थिर रेषा तीच, म्हणजे तो मोड आलेखातून गायबच. कोपऱ्याजवळ लावा. थरांचे धागे प्लेटच्या लांबीशी ±४५ अंशांत असतील तर हाच मोड वर सरकतो आणि वाकण्याचा खाली येतो, तेव्हा तो हुकवणं परवडत नाही.

डॅम्पिंगमध्ये, म्हणजे कंपन किती लवकर विरतं ते मोजताना, तर सगळेच फसतात. एक टक्का डॅम्पिंगला २५ हर्ट्झवर आलेखातल्या शिखराची रुंदी जेमतेम अर्धा हर्ट्झ. एका सेकंदाच्या नोंदीत रिझोल्यूशनच १ हर्ट्झ, मग मोजणार काय? आठ सेकंद नोंदवा. नोंद शेवटाकडे कृत्रिमपणे विरवणारी एक्स्पोनेन्शियल विंडो लावली असेल तर तिचं कृत्रिम डॅम्पिंग उत्तरातून वजा करा.