घरच्या वायफायला कुलूप लावताना या चुका टाळा

अमळनेरला नानांकडे रात्रीची जेवणं उरकली की नेट रांगायला लागायचं. "कंपनीच चोर शे," हा नानांचा ठरलेला निकाल. मी राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं तर जोडलेली उपकरणं एकोणीस, घरात फोन पाच. ओसरीवर येऊन कोणी "वायफायना पासवर्ड काय शे?" विचारलं की नाना चहाइतक्याच सढळ हाताने तो देत. शिवाय पासवर्ड म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर, जो त्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे.

पाटी नसती तरी मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून कुचकामीच. आपले नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे बहुतेक घरच्या वायफायला असलेल्या कुलपात, फोन राउटरला जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती कोणी टिपून घेतली, तर पुढचे अंदाज तो स्वतःच्या घरी बसून लावू शकतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर हे सगळे नंबर काही तासांत तपासून होतात. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा ठेवता येतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, लक्षातही राहतात. उदाहरण मुद्दाम देत नाही, नाहीतर निम्मे लोक तेच टाकतील.

सिक्युरिटी मोड, म्हणजे कुलपाचा प्रकार, निवडताना लोक यादीतलं पहिलं नाव टिचकवतात. डब्ल्यूईपी हे सगळ्यात जुनं कुलूप दिसलं तर हातही लावू नका, ते २००१ मध्येच फुटलंय. टीकेआयपी ही माहिती गुप्त करायची पद्धतही नको. ते जुनं तर आहेच, वर वायफायचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकवून ठेवतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन लोक कंपनीला शिव्या घालत बसतात. डब्ल्यूपीए२ आणि एईएस (टीकेआयपीच्या जागी आलेली भक्कम पद्धत) ही जोडी घ्या. राउटरमध्ये २०१८ चं डब्ल्यूपीए३ असेल तर आणखी चांगलं, त्यात घरी बसून अंदाज लावायची सोय राहत नाही. फक्त जुना प्रिंटर किंवा कॅमेरा रुसला तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र मोड ठेवा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. फोनवरूनच सेटिंग बदलायची, सेव्ह दाबायचं, वायफाय तुटतं. ते तुटणारच, कारण फोनकडे अजून जुना पासवर्ड आहे. माणूस घाबरतो आणि मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून दहा सेकंद दाबून धरतो. रीसेट! बऱ्याच फायबर जोडण्यांमध्ये त्याबरोबर कंपनीने भरलेलं युजरनेम आणि बाकी माहितीही पुसली जाते, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर कोरडं. माझ्या हातून हे एकदा झालंय, ऐन परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवशी. तेव्हा काम शक्यतो लॅन केबल लावून लॅपटॉपवरून करा, आणि आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. फोन "पासवर्ड चुकीचा" म्हणत असेल तर फोनमधलं ते नेटवर्क 'फॉरगेट' करून नव्याने जोडा. राउटरला टाचणी लावू नका.

वायफायचा पासवर्ड बदलला, पण राउटरच्या सेटिंगसाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडल्यावर लागणारा ॲडमिन पासवर्ड तसाच? मग तुमच्या वायफायवर आलेला कोणीही आत शिरून सगळं उलटंपालटं करू शकतो. हे दोन पासवर्ड वेगळे असतात, आणि बहुतेकांना दुसरा आहे हेच माहीत नसतं.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरलेला असतो. त्यामुळे दहा कोटी शक्यता उरतात फक्त ११,०००. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

नेटवर्कचं नाव लपवण्यात वेळ घालवू नका, कोणी फोन जोडला की ते हवेत उघडंच जातं. मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक पत्त्याच्या उपकरणांनाच आत घेणं, तेही तसंच: अँड्रॉइड १० पासूनचे फोन वेगवेगळ्या नेटवर्कला वेगवेगळा पत्ता सांगतात, त्यामुळे चोराआधी आपणच बाहेर राहतो.

राहिले पाहुणे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी, जावई, पोरंसोरं येणार आणि दारातच पासवर्ड मागणार; नाही म्हणणं आपल्याकडे जमत नाही, जमूही नये. त्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, सण झाला की बदलून टाका. नानांनी तो कागदावर लिहून कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, प्रिंटर चालत नाही म्हणून. प्रिंटर कागदावरच्या पासवर्डाने गेस्टवर जोडलेला, लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर. दोघं एकमेकांना दिसणार कसे? प्रिंटर घरच्या नेटवर्कवर आणला आणि अडकलेली सगळी बिलं एकदम छापून बाहेर आली.